जुन्या विंडोज लॅपटॉपवर लिनक्स मिंट: पेनड्राइव्हपासून पुढच्या अपग्रेडपर्यंत

विंडोज नव्याने टाकून देणारा दुकानदार फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो. डी आणि ई जसेच्या तसे राहतात, त्यामुळे घरोघरी एक समज पक्का झाला आहे: डीमध्ये ठेवलेलं सुरक्षित. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम; तिच्या इन्स्टॉलरला सी-डी-ई ही अक्षरं कळतच नाहीत. त्याला दिसते अख्खी डिस्क आणि तिचे कप्पे. ‘इरेज डिस्क’ निवडून पुढे गेलात की सी, डी, ई आणि कंपनीने ठेवलेला रिकव्हरीचा कप्पा, सगळं एकदम जातं. म्हणून या लेखात इन्स्टॉलेशनपेक्षा आधीच्या तयारीलाच जास्त जागा दिली आहे. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन एसएसडीवर वीस मिनिटांचं काम आहे.

विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे ठणठणीत लॅपटॉप मधल्यामध्ये अडकले. नवख्यासाठी अशा मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, हा आमच्या मते सर्वांत कमी डोकेदुखीचा पर्याय. त्याची २२ मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोज वापरलेला माणूस बावचळत नाही.

मशीन पुरेसं आहे का

मिंटच्या म्हणण्यानुसार २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा असली की चालतं, पण ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा असावी. प्रत्यक्षात ब्राउझरचे दहा टॅब उघडले की २ जीबीचं मशीन धापा टाकू लागतं. मग दोष लिनक्सला मिळतो. ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ८ जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन. अजून फिरती हार्डडिस्क असेल तर आधी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी बसवा. त्याने जो फरक पडतो तो कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम बदलून पडत नाही. शिवाय जुनी डिस्क डेटासकट काढून कपाटात ठेवता येते; यापेक्षा चांगला बॅकअप कुठला?

आता सॉफ्टवेअर. कागद घ्या आणि आठवड्याभरात जे जे उघडता ते लिहून काढा. ब्राउझरमध्ये चालणारं सगळं चालेल. वर्ड-एक्सेलचं काम लिब्रेऑफिसवर होतं. टॅली, श्रीलिपी, ऑटोकॅड, डोंगल लावून चालणारं सॉफ्टवेअर यांच्यासाठी विंडोज ठेवावंच लागेल. डिजिटल सिग्नेचरचं टोकन किंवा अंगठ्याचं यंत्र वापरत असाल तर त्याचा लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे का, हे विकणाऱ्याला आधी विचारा. यादीत असं काही निघालं तर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे ड्युअल बूट करा.

प्रिंटरही आत्ताच तपासा. एचपीचा लेझरजेट १०२० स्वतःच्या पोटात फर्मवेअर ठेवत नाही. दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते त्याला भरवावं लागतं. त्यासाठी एचपी-सेटअप चालवून प्लगइन घ्यावं लागतं. ते घेतलं की काम होतं. आपल्या ऑफिसांत जागोजागी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा बोलतो. त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर बसवणं हे नवख्याचं काम नाही. तो प्रिंटर एखाद्या विंडोज मशीनलाच राहू द्या.

बॅकअप आणि विंडोजमधली कामं

बाहेरची हार्डडिस्क लावा आणि डेटा कॉपी करा. लोक डी ड्राइव्ह आठवणीने घेतात आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स विसरतात, कारण ते सीमध्ये असतात. आउटलुकची पीएसटी फाइल, टॅलीचं डेटा फोल्डर आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही घ्या. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली उघडून बघा. उघडल्या तरच बॅकअप झाला.

विंडोज ठेवायचं असेल तर आणखी तीन कामं आहेत, आणि त्यांचा क्रम बदलू नका.

पहिलं बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कवरच्या डेटाला घातलेलं कुलूप. बऱ्याच लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मालकाच्या नकळत चालू असतं. सेटिंग्जमध्ये बघा, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा आणि मग एन्क्रिप्शन बंद करा. उलगडायला वेळ लागतो, मध्येच लॅपटॉप बंद करू नका. हे न करता बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललंत तर पुढच्या वेळी विंडोज ती की मागत उभं राहतं.

दुसरं फास्ट स्टार्टअप. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथली ती खूण काढून टाका. ती असताना शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं, आणि लिनक्स अशा ड्राइव्हवर काही लिहू देत नाही. ‘डी ड्राइव्ह दिसतो पण फाइल सेव्ह होत नाही’ ही तक्रार नव्वद टक्के वेळा याच कारणाने येते.

तिसरं जागा काढणं. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ज्या ड्राइव्हमध्ये जागा आहे त्यावर उजवं क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीमध्ये मागतात: ६० जीबीसाठी ६१४४०, १०० जीबीसाठी १०२४००. ड्राइव्ह निम्मा रिकामा असूनही विंडोज थोडीच जागा देतो म्हणाला, तर मध्ये पेजफाइल किंवा हायबरनेशनची न हलणारी फाइल बसलेली असते. ती दोन्ही तात्पुरती बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. निघालेली जागा ‘अनअलोकेटेड’ अशीच काळ्या पट्टीत राहू द्या. तिला नवं ड्राइव्ह लेटर देऊ नका. जुन्या, एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी कप्पे मावतात. ते आधीच भरलेले असतील तर इन्स्टॉलर मोकळ्या जागेपुढे ‘अनयूजेबल’ लिहितो. त्या वेळी डी रिकामा करून काढून टाकणं हाच सरळ मार्ग.

पेनड्राइव्ह

८ जीबीचा पुरेसा आहे; आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट एका फाइलमध्ये, तीन जीबीच्या आसपास असते. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार, हे लक्षात असू द्या. आयएसओ मिंटच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या आणि तिथेच दिलेली एसएचए-२५६ ची लांबलचक ओळ जवळ ठेवा. रुफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या विंडोज प्रोग्राममध्ये आयएसओ निवडल्यावर शेजारी बरोबरच्या खुणेचं बटण असतं. ते दाबलं की तुमच्या फाइलची ओळ दिसते. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एक अक्षर जरी वेगळं असेल तरी फाइल पुन्हा उतरवा. अर्धवट उतरलेली आयएसओ कधी कधी बूट होते, मेनू दाखवते आणि इन्स्टॉलेशनच्या मध्येच कोसळते. मग माणूस लॅपटॉपला दोष देत बसतो.

रुफसमध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट सिस्टिम यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) ठेवा. विचारल्यावर आयएसओ मोड निवडा. त्याने बूट झालं नाही तरच पुन्हा लिहून डीडी मोड घ्या. विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीच्या, मोडमध्ये बसवलेलं असेल तर लिनक्सही लेगसीतच बसवा, म्हणजे रुफसमध्ये एमबीआर घ्या. एक इकडे आणि एक तिकडे झालं की सुरुवातीचा मेनू दोन्ही सिस्टिम दाखवत नाही. कुठला मोड आहे ते विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ या ओळीत दिसतं.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा आणि बूट मेनूची की टकटक दाबत राहा: डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ१२ च, पण तो मेनू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागू शकतो. काही लेनोवोवर बाजूला पिन घालण्याइतकं छोटं नोव्हो बटण असतं.

मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं. इन्स्टॉलच्या आयकॉनवर लगेच झडप घालू नका. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे सगळं पंधरा मिनिटांत बघून होतं. स्क्रीन काळी पडली तर रीस्टार्ट करून मेनूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ घ्या; एनव्हिडिया कार्ड असलेल्या मशीनवर हे घडतं. वाय-फाय दिसलंच नाही तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला ड्रायव्हर लागत नाही. पुढे ड्रायव्हर मॅनेजरमधून वाय-फायचा ड्रायव्हर घेता येतो.

इन्स्टॉलेशन

चार्जर लावा. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर लाइट जायच्या वेळा टाळा.

भाषेनंतर कीबोर्ड विचारतो. ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ निवडा. सगळी अक्षरं नेहमीच्या जागी राहतात आणि उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतो. मराठी कीबोर्ड इथे निवडू नका. युजरनेम इंग्रजी लहान लिपीत लागतं, पासवर्डही इंग्रजीतच ठेवलेला बरा, आणि लॉगिनच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड लागलेला असला की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. मल्टिमीडिया कोडेकपुढे (गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे) खूण करा. सिक्युअर बूट (खात्री नसलेलं सॉफ्टवेअर मशीन सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल आणि इथे पासवर्ड मागितला तर तो लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग येतो तो पडदा, जिथे थांबून दोनदा वाचायचं. विंडोज ठेवायचं असेल तर ‘अलाँगसाइड’चा पर्याय. विंडोज नको आणि बॅकअप तपासलेला असेल तर ‘इरेज डिस्क’. लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही असतील तर वर कुठली डिस्क निवडली आहे ते आकारावरून ओळखा. विंडोज जिला २३८ जीबी म्हणतं तीच डिस्क इथे २५६ जीबी दिसते, आणि ४६५ ची ५०० होते. डिस्क बदललेली नसते, फक्त मोजायची पद्धत वेगळी आहे.

‘समथिंग एल्स’मध्ये हाताने कप्पे पाडता येतात. मोकळी जागा निवडून अधिकचं चिन्ह दाबा, प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट म्हणजे नुसती तिरकी रेघ. एवढा एक कप्पा नवख्याला पुरतो. ईएफआय नावाचा छोटा कप्पा, बहुधा १०० एमबीचा, विंडोजने आधीच केलेला असतो. तो वापरायचा पण त्यापुढे फॉरमॅटची खूण करायची नाही. केलीत तर विंडोज बूट होणार नाही.

यादीत डिस्कच दिसत नाही? बहुधा इंटेलचं आरएसटी किंवा रेड मोड, म्हणजे डिस्क हाताळायची वेगळी पद्धत, चालू आहे. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करावा लागतो, पण विंडोज ठेवलं असेल तर तसंच उठून बदलू नका, निळा पडदा येईल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या आणि नंतर सेफ मोड काढा.

टाइमझोन कोलकाता, नाव, पासवर्ड, आणि सुरू. संपल्यावर रीस्टार्ट करताना पेनड्राइव्ह काढा असं सांगेल तेव्हाच काढा. मघाशी सिक्युअर बूटचा पासवर्ड दिला असेल तर आता एक निळा पडदा येतो. त्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्या. हा पडदा काही सेकंदच थांबतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलंत तर वाय-फाय किंवा एनव्हिडियाचा बाहेरचा ड्रायव्हर चालणार नाही आणि कारण कुठेच लिहिलेलं सापडणार नाही.

पहिला दिवस

सर्वांत आधी टाइमशिफ्ट उघडून पहिला स्नॅपशॉट घ्या. हा सिस्टिमचा फोटो आहे, तुमच्या फोटोंचा बॅकअप नव्हे. होम फोल्डर तो मुळात घेतच नाही. मग अपडेट मॅनेजर, मग ड्रायव्हर मॅनेजर. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पासवर्ड टाइप करताना अक्षरांऐवजी फुल्या दिसतील किंवा काहीच दिसणार नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करून एंटर मारा.

ड्युअल बूट असेल तर घड्याळाची गंमत दिसेल. विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की वेळ बरोबर साडेपाच तास मागे. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा इंग्रजीत दिली की लिनक्स विंडोजच्या पद्धतीने वागतं.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंग्जच्या लेआउटमध्ये ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ जोडा. रोमन स्पेलिंगने टाइप करणाऱ्यांनी इनपुट मेथडमधून आयबस आणि त्याचा एम१७एन संच घ्यावा. त्यात मराठीचा फोनेटिक प्रकार आहे. इनस्क्रिप्टमध्ये ‘दुसऱ्या’मधला अर्धा ऱ हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. साधा र घेतलात तर ‘दुसर्या’ उमटतं, रफार य वर चढतो.

विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये केलेलं पत्र इथे दुसऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये उघडतं. अक्षरं बरोबर असतात, पण ओळी सरकतात आणि एका पानाचं पत्र सव्वा पानाचं होतं. छापायला किंवा पाठवायला पीडीएफच करा. कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचं दुखणं वेगळं: त्यात खरी देवनागरी नसतेच, इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरे दिलेले असतात. तो फॉन्ट बसवला तर वाचता येतील, शोधता येणार नाहीत. कायमच्या हव्या असतील तर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

ऑफिसमध्ये एकदम दहा मशीन बदलू नका. ज्याचं काम सर्वांत जास्त ब्राउझरमध्ये चालतं त्याचं एक मशीन बदला आणि पगाराचा एक महिना पूर्ण जाऊ द्या. ईएसआय, पीएफ, जीएसटीचे भरणे महिन्यातून एकदाच होतात, आणि अडचणी तिथेच निघतात. रोज वापरणाऱ्याला ॲडमिनचा पासवर्ड देऊ नका. त्याचं स्टँडर्ड खातं काढा.

अपग्रेड

अपडेट आणि अपग्रेड वेगळे. अपडेट आठवड्याला एकदा, दहा मिनिटं. अपग्रेड दोन प्रकारचं आहे. २२ वरून २२.१ किंवा पुढे जाणं हे छोटं: अपडेट मॅनेजरच्या एडिट मेनूत त्याची ओळ दिसू लागते, ती दाबली की झालं. २१ मालिकेवरून २२ वर जाणं हे मोठं, आणि तिथे थेट उडी नाही. आधी २१.३ पर्यंत या आणि मगच २२. २० मालिकेवर असाल तर २०.३, मग २१, मग २१.३ अशा पायऱ्या. इतक्या मागे असाल तर आमचं मत सरळ आहे: बॅकअप घ्या आणि २२ नव्याने बसवा, वेळही वाचेल. २१ मालिकेला अपडेट एप्रिल २०२७ पर्यंत आहेत, तेव्हा ऑडिटच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात हे काम काढायची गरज नाही.

मोठ्या अपग्रेडसाठी मिंटअपग्रेड नावाचं साधन आहे. सगळी अपडेट पूर्ण करा, डेटाचा बॅकअप घ्या, टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्या. स्नॅपशॉट नसेल तर हे साधन पुढे जाऊच देत नाही. मग ते बसवून टर्मिनलमधून सुडोसह, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवा. आधी ते तपासणी करतं, मग रंगीत तालीम, मग डाउनलोड आणि शेवटी खरं अपग्रेड. प्रत्येक टप्प्यावर काय निघणार, काय बदलणार याची यादी दाखवतं. ती वाचा. यादीत बाहेरून, पीपीए (मिंटबाहेरचा सॉफ्टवेअरचा साठा) जोडून घेतलेली सॉफ्टवेअर आली तर ती जाणार हे गृहीत धरा आणि नंतर नव्याने घ्या. मोबाइल हॉटस्पॉटवर करत असाल तर रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हे बसेलच असं नाही.

‘दुसऱ्या प्रोग्रामने लॉक धरलं आहे’ असा संदेश आला तर मागे अपडेट मॅनेजर काम करत असतो. दहा मिनिटं थांबा. पॉवर बटण दाबून बंद केलंत तर पॅकेज अर्धवट बसतात आणि ते निस्तरायला संध्याकाळ जाते.

उबुंटूच वापरणाऱ्यांना दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये नवी एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) दिसते, पण जुन्या एलटीएसवरच्यांना तिचं आमंत्रण पहिली दुरुस्त आवृत्ती निघाल्यावर मिळतं. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली आणि २४.०४.१ ऑगस्टमध्ये. ‘मला अजून अपग्रेड का दिसत नाही’ याचं उत्तर बहुधा एवढंच.

अपग्रेडनंतर मशीन काळ्या पडद्यावर अडकलं तर चालू करताना एस्केप दाबा, लेगसी मशीनवर शिफ्ट. मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो, त्याने चालू झालं तर दोष नव्या कर्नलचा किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा, आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून दुसरी आवृत्ती घेऊन तो सुटतो. त्यानेही नाही झालं तर इन्स्टॉलेशनचा तोच पेनड्राइव्ह लावा. त्यातही टाइमशिफ्ट आहे. डिस्कवरचा स्नॅपशॉट निवडून मागे जा. म्हणून तो पेनड्राइव्ह गाणी भरायला वापरू नका.

सगळं नीट चालू झालं तर मिंटअपग्रेड काढून टाका आणि अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये जुने कर्नल आपोआप काढायची खूण करा. प्रिंटर, स्कॅनर आणि मराठी कीबोर्ड तपासा. आठवडाभर काही बिघडलं नाही तर अपग्रेडआधीचा स्नॅपशॉट पुसा. ६० जीबीच्या कप्प्यात तो ठेवलात तर महिन्याभरात डिस्क भरल्याचा इशारा येऊ लागतो.